कोल्हापुरात राहून दूध-तूप सोडायचं आहे, सुरुवात कुठून करू?

कळंबाकाठ
नमस्कार मंडळी. मी कळंब्याला राहते. घरात नवरा, सासूबाई आणि सातवीतला मुलगा. मटण-अंडी मी दोन वर्षांपूर्वीच सोडली. आता दूध, दही, ताक, तूप, मध हेही सोडायचं ठरवलंय, म्हणजे ज्याला व्हिगन म्हणतात तसं.

कारण सांगते. उन्हाळ्यात माहेरी गेले होते. ओळखीच्या एका गोठ्यात म्हशीचं पारडू जन्मून चार दिवसांत गेलं होतं. म्हैस पान्हा सोडेना, म्हणून त्याच पारडाच्या कातड्यात भुसा भरून ते तिच्यापुढं ठेवलेलं. म्हैस ते चाटत होती. चाटता चाटता पान्हवली आणि बादलीत धार वाजायला लागली. ती माणसं वाईट नाहीत, म्हशीला लेकीसारखं सांभाळतात. पण ते चाटणं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. चहाचा कप हातात घेतला की तेच दिसतं.

अडचण अशी की आमच्या घरी रोज दोन लिटर म्हशीचं दूध येतं. सासूबाईंच्या हातचं कढवलेलं तूप अख्ख्या गल्लीत प्रसिद्ध आहे. त्यांना मी काय सांगू? चहाचं काय करू? हाडं, रक्त यांचं काय? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

तिखटजाळ
कोल्हापुरात दूध सोडायचं म्हणजे पंचगंगेत राहून पाणी सोडण्यासारखं आहे! गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून फेसाळ दूध प्यायचं, असं गाव दुसरीकडं कुठं दाखवा. तरी तुझं कारण वाचून गप्प बसलो ताई. शुभेच्छा.

घाणा
मी सहा वर्षं व्हिगन आहे, राजारामपुरीत राहतो. एकच सल्ला आधी देतो: बाहेरून आणलेल्या महागड्या डब्यांपासून सुरुवात करू नका. मी तीच चूक केली. बदामाचं दूध, नकली चीज असलं मागवत बसलो, महिन्याचा किराणा दुप्पट झाला आणि तिसऱ्या महिन्यात परत दह्यावर आलो. दुसऱ्यांदा सुरुवात केली ती घरच्या ताटापासून.

एका रविवारी कागद घेऊन बसा आणि आठवडाभरात घरात काय शिजलं ते लिहा. भाकरी, खर्डा, झुणका, मटकीची उसळ, भरलं वांगं, आमटी-भात, पोकळ्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. यात दूध कुठं आहे? फोडणी तुपाऐवजी तेलाची केली की झालं. मी लिहिलं तेव्हा जेवणातले बारा आणे पदार्थ आधीच व्हिगन निघाले. दूध अडकलेलं असतं ते चहात, दह्या-ताकात, भातावरच्या तुपात आणि सणाच्या गोडात. म्हणजे चारच ठिकाणी लढायचंय.

दोन_वेळ_भाकरी
घाणा यांचं अगदी खरं आहे. मी राधानगरी तालुक्यातली, वय एकोणसत्तर. आमच्या लहानपणी घरचं दूध डेअरीला जायचं, घरात ताकच उरायचं, आणि म्हैस आटली की तेही नसायचं. मग काय खात होतो? हुलग्याचं माडगं. हुलगे खरपूस भाजून जात्यावर दळायचे, पीठ पाण्यात कालवून गूळ, सुंठ नि चिमूट मीठ घालून शिजवायचं. पावसाळ्यात शेतातनं भिजून आलं की वाटीभर गरम माडगं प्यायचं, अंगातली थंडी पळायची. नाचणीची आंबील लोक ताकात करतात, पण पीठ रात्री पाण्यात भिजवून आंबवलं की ताकाची गरज लागत नाही. वरून लसूण-जिरं वाटून लाव. करून बघ बाळा.

सासूबाईंना पहिल्या दिवशी भाषण देऊ नकोस. त्यांच्याकडूनच हे जुने पदार्थ शिकून घे.

वैरण
मी कागल तालुक्यातला. चार म्हशी आहेत, पंढरपुरी जातीच्या, तलवारीसारख्या लांब शिंगांच्या. धागा वाचून थोडं लागलं म्हणून लिहितोय, राग मानू नका.

ऊस लावला की पैसे बघायला वर्ष-दीड वर्ष जातं. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं. त्या दहा दिवसांच्या बिलावर माझ्या पोरीचं कॉलेज झालं, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. १९६३ साली गोकुळ संघ उभा राहिला आणि आमच्यासारख्या दोन एकरवाल्याच्या हातात रोख पैसा आला. दूध म्हणजे नुसतं क्रौर्य असं कोणी लिहिलं की आमच्या बायका पहाटे चारला उठून शेण काढतात ते कुणाला दिसत नाही. दिवाळीत पाडव्याला आम्ही म्हशींची शिंगं रंगवतो, पाठीवर नक्षी काढतो, गळ्यात माळा घालून मिरवतो. ते प्रेम खोटं नाही.

भुसा भरलेलं पारडू आमच्या गोठ्यात मी कधी केलं नाही. पुढ्यात भरडा ठेवायचा, कासेला कोमट पाणी लावायचं, थोडा वेळ द्यायचा. बहुतेक म्हशी पान्हवतात.

कळंबाकाठ
वैरणदादा, रागाचं काय! उलट तुम्ही लिहिलंत म्हणून बरं वाटलं. माझ्या माहेरीही दुधाच्या बिलावरच आम्ही तिघी बहिणी शिकलो, ते विसरून मी काही बोलणार नाही. एक विचारते, मनापासून विचारते. रेडकू झालं तर त्याचं पुढं काय होतं?

वैरण
विचारलंस तर खरं सांगतो. पूर्वी रेड्याला काम असायचं, चिखलणीला, ओझ्याला. ट्रॅक्टर आल्यापासून त्याला काम नाही. पारडी झाली की घरात आनंद, रेडकू झालं की कोण काही बोलत नाही. त्याला दूध कमी मिळतं. काही आपोआप जातात, काही बाजारात जातात, तिथून कुठं जातात ते सगळ्यांना माहीत आहे. मी दोन वाढवले होते, एकाला वैरण परवडेना म्हणून शेवटी विकला. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तू तुझं कर बाई. मला पटत नाही, पण तुझं चुकतंय असंही म्हणवत नाही.

निशिगंध
वरचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. वैरण, इतकं सरळ लिहायला धैर्य लागतं.

आमचं घर जैन. कांदा, लसूण, बटाटा नाही, सूर्यास्तानंतर जेवण नाही, पण दूध-तूप भरपूर. माझी वहिनी तीन वर्षांपूर्वी व्हिगन झाली तेव्हा घरात खूप चर्चा झाली. ती शांतपणे म्हणाली, ‘अहिंसेसाठीच कंद सोडलेत ना, मग मी त्याच वाटेनं एक पाऊल पुढं जातेय.’ आजेसासऱ्यांनी त्यानंतर तिला एकदाही टोकलं नाही. कळंबाकाठ, तुमच्या घरात जी श्रद्धा आहे तिचाच धागा पकडून बोललात तर ऐकणाऱ्याला परकं वाटणार नाही.

औषधपाणी
मी डॉक्टर आहे, जनरल प्रॅक्टिस. भावनेचा भाग तुम्ही सगळे छान मांडताय, मी फक्त एक गोष्ट ठासून सांगायला आलोय: बी-१२.

हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात आणि आपल्या आहारात ते प्राणिजन्य पदार्थांतूनच भरवशाने येतं. डाळी, पालेभाज्या, शेंगदाणे यांत ते नसतं. स्पिरुलिना नावाच्या शेवाळाच्या भुकटीवर किंवा आंबवलेल्या पदार्थांवर विसंबू नका. प्रौढ माणसाची गरज दिवसाला साधारण २.४ मायक्रोग्रॅम, म्हणजे अगदी कणभर, पण तो कण मिळालाच पाहिजे. यकृतात साठा असतो, त्यामुळे सोडल्यावर वर्ष-दोन वर्षं काही जाणवत नाही आणि माणूस म्हणतो, मला काही होत नाही. मग पायांना मुंग्या येतात, तोंड येतं, तोल जातो, विसरायला होतं. मज्जातंतूंचं नुकसान फार काळ दुर्लक्षित राहिलं तर पूर्ण भरून येतंच असं नाही. त्यात व्हिगन आहारात फॉलिक ॲसिड भरपूर असतं, त्यामुळे रक्ताच्या साध्या तपासणीत दोष झाकला जाऊ शकतो.

आपल्याकडे दूध पिणाऱ्या शाकाहारी माणसांतही बी-१२ कमी असणं अगदी नेहमीचं आहे. म्हणून सुरुवात करण्याआधीच रक्त तपासा: बी-१२, हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व. आणि पहिल्या दिवसापासून गोळी. इंग्लंडच्या व्हिगन सोसायटीचाच सल्ला आहे की गोळी रोज घेणार असाल तर किमान १० मायक्रोग्रॅमची, आठवड्यातून एकदा घेणार असाल तर २००० ची. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी आणखी जपावं, त्या औषधानं बी-१२ घटतं. मुलाला यात ओढायचं असेल, किंवा कुणी गरोदर असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला, परस्पर काही करू नका.

घाणा
डॉक्टरसाहेब, शंभर टक्के. माझं पहिल्या वर्षाचं हेच झालं होतं. हाताची बोटं झोपेत बधिर व्हायची, मी म्हणायचो मोबाईलमुळं. तपासलं तर बी-१२ तळाला. तेव्हापासून गोळी चुकवली नाही.

एक जोड देतो. गोळीच घ्या, कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं. ड जीवनसत्त्वाचं डी-३ पण बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून करतात, केमिस्टला डी-२ विचारा. आणि नुसतं सैंधव वापरू नका, आयोडीनवालं मीठ घरात असू द्या.

आखाडा
मी तालमीत वाढलो. खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलं, तिथल्या मातीत माझे आजोबा खेळले. आमच्याकडं पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई. दुधाशिवाय जोर-बैठका कशाच्या जिवावर मारायच्या? मला हे खरंच पटत नाही. अंगाला ताकद कुठून येणार?

घाणा
आखाडा भावा, प्रश्न रास्त आहे. मी पैलवान नाही, पण रोज सकाळी रंकाळ्याला दोन फेऱ्या मारतो. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला साधारण पंचवीस ग्रॅम प्रथिनं, हुलग्यात बावीसच्या आसपास, सोयाबीनमध्ये छत्तीसच्या वर. आपल्या जिल्ह्यात खरिपात सोयाबीन एवढं पिकतं, पण आपण ते पोत्यात भरून तेल गिरणीला पाठवतो आणि मग प्रथिनं कुठून मिळणार असं विचारतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सोयाबीनचं दूध घरी असं करतो: एक वाटी सोयाबीन रात्रभर भिजवायचं, सकाळी चोळून सालं काढायची, उकळत्या पाण्यात वाटायचं, पंच्यात गाळायचं आणि मग वीस मिनिटं ढवळत उकळायचं. उकळायला कंटाळू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनंच मोडतो, शिवाय तो हिरवट वासही जातो. उरलेला चोथा टाकू नका, भाकरीच्या पिठात घाला. बाजारात मिळतं त्या डब्यावर ‘दूध’ लिहिलेलं नसतं, ‘सोया पेय’ असं काहीतरी असतं, कारण सोयाबीनच्या रसाला दूध म्हणायला आपल्या नियमात परवानगी नाही.

आखाडा
बदाम-खसखस तर आम्ही तशीही कुंडीत घोटतोच. त्यात दुधाच्या जागी हे सोयाबीनचं घालून बघतो एकदा. वस्तादांना विचारूनच.

तिखटजाळ
मुद्द्याचा प्रश्न राहिला. पांढरा रस्सा?

घाणा
पांढऱ्या रश्श्यात दूध नसतंच! नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ. फक्त मटणाच्या अळणीची, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्याची, जागा भरायची आहे. मी अळंबी, कांदा, आलं, लसूण, दालचिनी, मिरे, वेलदोडा घालून मंद आचेवर तासभर पाणी उकळतो आणि गाळतो. त्या पाण्यात वाटण सोडायचं. नारळाचं दूध शेवटी, आणि मग उकळी फुटू द्यायची नाही, नाहीतर फुटतं. सुक्याला कच्चा फणस, कांदा-लसूण मसाल्यात. तांबड्याला तर काही अडचणच नाही.

मटणाच्या रश्श्यासारखं लागतं असा दावा मी करत नाही. पण भुरकायला चांगलं लागतं, आणि पाहुणे परत मागतात.

पायताण
जेवणावरून जरा बाजूला जातो. व्हिगन लोक कातडंही वापरत नाहीत ना? आमच्या घरात चार पिढ्या कोल्हापुरी चपला बनवतात. बाभळीची साल नि हिरडा घालून कमावलेलं कातडं, हातानं घातलेली वेणी, लाकडी ठोकणी. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा वडिलांनी पेढे वाटले होते. मला खरंच जाणून घ्यायचंय, तुम्ही आमच्याकडं कसं बघता?

कळंबाकाठ
पायताण, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. माझ्याकडे लग्नातली कापशी, म्हणजे कोल्हापुरीतल्याच एका प्रकारची कातडी चप्पल आहे. ती झिजेपर्यंत मी घालणार, फेकून देण्यात कुणाचंच भलं नाही. नवी मात्र कातड्याची घेणार नाही. तुमच्या हातातली कला मला हवी आहे, फक्त कातडं नको आहे. ताग, कापूस, असं दुसरं काही घेऊन तीच वेणी, तीच करकर येईल अशी चप्पल कुणी करत असेल तर मी पहिली गिऱ्हाईक.

पायताण
करकर कातड्याचीच असते ताई, ती तागाला येणार नाही. पण कापडाचे पट्टे नि रबराचा तळ घालून आम्ही पावसाळ्यासाठी करतो. उत्तर सरळ दिलंत, आवडलं.

कोरा_चहा
विद्यापीठाच्या हॉस्टेलवर राहते, मेसमध्ये जेवते. माझा अनुभव: बाहेर सगळ्यात सोपी मिसळ. दही नको म्हणायचं आणि कट बिनधास्त घ्यायचा, पण पाव किंवा ब्रेडमध्ये दूध पावडर आहे का ते विचारायचं. भडंग, कांदाभजी, सोलकढी चालते. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून फसू नका, तो शाकाहारीचा आहे, त्यात दूध नि मध असू शकतं. २०२२ पासून व्हिगनसाठी वेगळं चिन्ह आलंय, हिरवी चौकट, आत व्ही अक्षर नि त्याला पालवी. पण ते फार थोड्या वस्तूंवर दिसतं, म्हणून मी मागची बारीक अक्षरंच वाचते. बिस्किटात, चॉकलेटात, चिप्सच्या मसाल्यात दुधाची भुकटी निघते.

चहाचं म्हणाल तर मी कोल्हापुरी गूळ, गवती चहा नि आलं घालून कोरा पिते. पहिले दहा दिवस डोकं दुखायचं. आता दुधाचा चहा जड वाटतो.

औषधपाणी
चहा कोणताही असो, जेवणाबरोबर नको, तास-दीड तास जाऊ द्या. चहामुळं जेवणातलं लोह अंगी लागत नाही. उलट पालेभाजी, उसळ यांवर लिंबू पिळलं की लोह चांगलं शोषलं जातं. कॅल्शियमसाठी नाचणी (शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास) आणि न सोललेले तीळ. तिळाची चटणी रोज दोन चमचे घ्या.

कळंबाकाठ
सात आठवड्यांनी परत येतेय.

आधी रक्त तपासलं. बी-१२ दूध पीत असतानाच कमी होतं! डॉक्टरांनी गोळी सुरू केली. मग एकेक सोडलं. पहिल्यांदा ताटातलं तूप, मग ताक. शेवटी चहा, आणि तो सगळ्यात अवघड गेला. सोयाबीनचं दूध आल्याच्या चहात नासायचं. आता काजू वापरते, दहा-बारा भिजवून गंधासारखे बारीक वाटून, चहा गाळल्यावर कपात घालते, उकळत नाही.

सासूबाईंना मी त्या म्हशीचं सांगितलं. फक्त जे पाहिलं ते सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, उठून देवाजवळ गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ताटात भाकरीवर तुपाऐवजी शेंगतेल आणि वर लाल चटणी. त्या स्वतः दूध सोडणार नाहीत, मी तसं म्हटलेलंही नाही. मुलगाही दूध पितो. पण श्रावणात त्यांनी पुरणपोळीबरोबर माझ्यासाठी वेगळी नारळाच्या दुधातली गुळवणी केली, आणि वाढताना म्हणाल्या, ‘आमच्या आईकडं अशीच करायचे. मी विसरले होते.’

आता फक्त दह्याची आठवण येते. भाताचा शेवटचा घास दह्याशिवाय घशाखाली उतरत नाही.

घाणा
शेंगदाण्याचं दही लावा! एक वाटी शेंगदाणे आठ तास भिजवून, सालं काढून, तीन वाट्या पाण्यात वाटा, गाळा, सतत ढवळत एक उकळी येऊ द्या. कोमट झाल्यावर हिरव्या मिरचीचे देठ आत बुडवून उबेला झाका. पहिलं विरजण पातळ लागेल, पण त्यातलं चमचाभर घेऊन दुसऱ्यांदा लावलं की घट्ट बसतं.

दोन_वेळ_भाकरी
देठाचं दही आम्हीही लावायचो, विरजण संपलं की. दुधाचं लावायचो, शेंगदाण्याचं नवीन ऐकते. देठ किती घालायचे?

घाणा
आजी, अर्ध्या लिटरला आठ-दहा. धुऊन, पुसून कोरडे करून, आणि देठाला टोपी राहू द्यायची.

कळंबाकाठ
आत्ताच शेंगदाणे भिजत घातले. सासूबाई म्हणाल्या, मिरच्या मी निवडते, लवंगी नको, मोठ्या देठाच्या बघते.